चौकातली देवी कुठे गेली?

दिवाळी आली की आमच्या जयसिंगपूरच्या बाजारात वारली चित्रांचा सुळसुळाट होतो. पणत्यांवर, पिशव्यांवर, आकाशकंदिलांवरसुद्धा ती त्रिकोणी अंगाची माणसे फेर धरून नाचत असतात. डोळ्यांना ती गोड दिसतात, हे मी नाकारीत नाही. परंतु या छापील नक्षीला वारली चित्र म्हणावे काय, हा प्रश्न आहे.

मूळ चित्र लग्नघरात जन्मते. गेरूने सारवलेल्या भिंतीवर सुवासिनी तांदळाच्या पिठाने लग्नचौक लिहितात; मधोमध पालघाट देवी असते. म्हणजे ती नुसती शोभा नव्हे, देवीला घातलेले आवतण आहे. पेल्यावरच्या नक्षीत हातपाय तेच राहतात, देवी तेवढी नाहीशी होते.

मग कला भिंतीवरच कोंडून ठेवावी काय? मुळीच नाही. डहाणूकडच्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० नंतरच्या दशकात हे चित्र कागदावर आणले. बायकांची कला पुरुषाच्या हाती आली, विधी सुटला, तरी चित्र खोटे झाले नाही. कारण मासेमारीचे जाळे, मुंग्या, भाताची शेते हे सारे त्यांच्या रोजच्या जगण्यातले होते. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. तेव्हा खरेपणा भिंतीत नाही, काढणाराच्या जगण्यात आहे.

अमेरिकेत प्रशांत महासागरातील बेटांवरच्या देवमूर्तींचे दारूचे पेले झाले, हे ऐकून आपण नाक मुरडतो. जून २०२५ मध्ये मिलान येथे प्राडा कंपनीने कोल्हापुरी धाटणीच्या चपला मिरवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही, तेव्हा आपण संतापलो. तो संताप रास्तच होता. कोल्हापुरी चपलेला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे. पुढे कंपनीला तिचे मूळ मान्य करावे लागले. परंतु वारली चित्रालाही २०१४ पासून तसेच मानांकन आहे, याची आठवण कंदील घेताना कोणाला होते?

आपल्या चपलेसाठी जो न्याय मागितला, तोच वारल्यांच्या चित्राला लावावा, एवढेच माझे म्हणणे. चित्र कोणाच्या हातचे हे दुकानदाराला विचारावे. सांगता आले नाही, तर ते वारली धाटणीचे म्हणावे. वारली म्हणू नये.