ठेक्यावरची कात्री

मराठी म्युझिक व्हिडिओची सुरुवात आता जवळपास ठरलेली आहे. आधी ड्रोन: हिरवं शिवार, नदीचं वळण, घरांची छपरं. मग नायकाची संथ गतीतली एन्ट्री आणि पहिल्या ठेक्याला पहिला कट. कोकण असो की मराठवाडा, क्रम बदलत नाही.

हा क्रम पारखायला लातूर जिल्ह्यातलं किल्लारी योग्य गाव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने इथली दगडमातीची, जाड भिंतींची माळवदाची घरं कोसळली. परिसरात हजारो माणसं गेली. गाव नव्या जागी वसलं, सरळ रस्त्यांचं आणि आखीव चौकांचं. ड्रोन वर गेला की ही आखणी देखणी दिसते. पण सरकारी आराखड्यातल्या घरापुढे माणसांनी ओटा कसा घातला, झाड कुठे लावलं, हे आकाशातून कळत नाही. त्यासाठी कॅमेरा माणसाच्या उंचीवर आणावा लागतो, आणि नेमका तोच शॉट आजच्या व्हिडिओत सर्वांत कमी टिकतो.

संथ गतीचंही तसंच. तिच्यामागचं तंत्र मोठं गमतीचं आहे. पडद्यावर सेकंदाला २५ चौकटी दिसणार असतील आणि कॅमेऱ्याने ५० टिपल्या, तर हालचाल निम्म्या वेगाने दिसते. ओठ मात्र गाण्याशी जुळायला हवेत, म्हणून चित्रीकरणावेळी गाणं दुप्पट वेगाने वाजवतात. नट त्या चिरक्या गाण्यावर घाईघाईने ओठ हलवतो. संकलनात वेग निम्मा झाला की ओठ मूळ चालीवर बसतात. केस, ओढणी आणि उधळलेला गुलाल तेवढा तरंगत राहतो.

नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) या गतीला कारण आहे. ‘याड लागलं’मध्ये धावत सुटलेल्या नायकाची, परश्याची ओढ अजय-अतुल यांच्या वाद्यवृंदासोबत ताणली जाते आणि विहिरीतल्या उडीत सुटते. करमाळ्याच्या परिसरातलं शिवार तिथे नुसता देखावा राहत नाही. त्या पोराची ती रोजची वाट असते. पुढे ही गती सरसकट झाली. वरात, वाढदिवस, पुढाऱ्याची मिरवणूक, सगळंच तरंगू लागलं.

सर्वांत मोठं नुकसान मात्र कात्रीने केलं आहे. संकलक टाइमलाइनवर प्रत्येक ठोक्याला मार्कर लावतो आणि तिथे शॉट तोडतो. डीजेच्या गाण्याला हे शोभतं. लावणीला नाही. लावणीत ढोलकीचा बोल पायात उतरतो, कमरेतून वर चढतो आणि नजरेत पोचतो. घुंगरू, कंबर, डोळे असे तीन तुकडे जोडले की नाच संकलकाचा होतो, नर्तकीचा राहत नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) विष्णुपंत पागनीस स्वतः गातात आणि कॅमेरा त्यांच्यापाशी थांबतो. हा विश्वास आज दुर्मीळ झाला आहे.

जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि लगेच रील्स आल्या. तेव्हापासून चौकटही उभी झाली. लक्षात राहणारी एक स्टेप, मधोमध उभा नर्तक, बाजूला कापलं तरी चालेल अशी मोकळी जागा: गाण्याची आखणीच या तुकड्याभोवती होऊ लागली. संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ (२०२४) देशभर पोचलं त्यात रील्सचा वाटा मोठा होता. जळगावकडच्या मराठी पोराला मुंबईच्या स्टुडिओंची मिजास न सांभाळता हे जमलं, याचं मोल कमी लेखू नये.

तरीही उभ्या चौकटीत न मावणारं बरंच काही मराठवाड्यात आहे. लातूर-नांदेडच्या तांड्यांवर होळीला बंजारा समाज लेंगी गातो आणि रिंगण धरून नाचतो. रिंगण पूर्ण दिसलं तरच त्याला अर्थ. एकेकीचा चेहरा कापून जोडला, तर उरतात सुट्या बायका आणि आरसे लावलेले कपडे. इथे रुंद, स्थिर शॉट ही सौंदर्याची हौस नसून त्या नाचाची किमान गरज आहे.

संकेत वाईट नसतात; त्यांच्यामुळेच कमी पैशांत, एका दिवसात गाणं उभं राहतं. आज मोबाइलवर चित्रीकरण आणि संकलन दोन्ही करणारी पोरं तालुक्याच्या गावात आहेत. हात बसलेला आहे. त्यांनी पुढच्या गाण्यात एवढंच करून पाहावं: ड्रोन पेटीत ठेवावा, कॅमेरा नाचणाऱ्याच्या उंचीवर लावावा आणि ढोलकी-हलगीचं एक आवर्तन पुरं होईपर्यंत शॉट तोडू नये.