कार्यालयीन सहयोग-प्रणालीत अंतर्गत सामाजिक जाळ्यांचा समावेश : एक चिकित्सा
(वऱ्हाडातील कृषी-यंत्रणेच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

कोणत्याही कार्यालयाचे काम दोन मार्गांनी चालते. पहिला मार्ग फाइलीचा. लिपिकाने टिप्पणी मांडावी, अधीक्षकाने अभिप्राय नोंदवावा, अधिकाऱ्याने स्वाक्षरी करावी, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. दुसरा मार्ग स्टाफरूममधील किंवा चहाच्या टपरीवरील बोलण्याचा. अडचण नेमकी कोठे आहे आणि मागील वेळी ती कोणी सोडविली होती, हे बहुधा या दुसऱ्या मार्गानेच कळते. संगणकीय सहयोग-प्रणालीतच कर्मचाऱ्यांसाठी अंतर्गत सामाजिक जाळे गुंफणे म्हणजे हे दोन मार्ग एकत्र आणणे होय. ते कितपत साधते आणि कोणत्या अटींवर साधू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संकल्पनेचा प्रवास

१९८९ मध्ये आलेल्या लोटस नोट्स या प्रणालीने टपाल, दस्तऐवज व चर्चा यांना एका छत्राखाली आणले. २००६ मध्ये अँड्र्यू मॅकॅफी यांनी ‘एंटरप्राइज २.०’ ही संज्ञा रूढ केली. २००८ मध्ये सुरू झालेली यॅमर ही सेवा २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने विकत घेऊन आपल्या कार्यालयीन प्रणालींशी जोडली. भारतात टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने ‘नोम’ हे स्वतःचे अंतर्गत जाळे उभारले. फेसबुकने २०१६ मध्ये ‘वर्कप्लेस’ बाजारात आणले; परंतु ते बंद करण्याचा निर्णय मेटा कंपनीने २०२४ मध्ये जाहीर केला. भांडवल आणि तंत्रज्ञान मुबलक असले, तरी जाळे टिकेलच असे नाही, एवढे या इतिहासावरून दिसते.

वऱ्हाडातील उदाहरण

२००८ च्या खरिपात विदर्भ व मराठवाड्यात सोयाबीनवर किडींचा मोठा प्रादुर्भाव झाला. त्यानंतर २००९-१० पासून राज्यात ‘क्रॉपसॅप’ हा कीड-रोग सर्वेक्षण व सल्ला प्रकल्प सुरू झाला. शेतातील निरीक्षणे संगणकीय प्रणालीत भरावयाची, त्यांवरून कृषी विद्यापीठातील तज्ज्ञांनी सल्ला द्यावयाचा आणि तो शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवावयाचा, अशी त्याची मूळ रचना आहे. विदर्भापुरती ही तज्ज्ञांची भूमिका अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे आहे. शेकडो गावांतील नोंदी एका ठिकाणी आणणे ही या प्रकल्पाची कामगिरी निःसंशय मोलाची आहे.

तथापि या रचनेत नोंद वर जाते आणि सल्ला खाली येतो; समपातळीवरील संवादाला तीत स्वाभाविक जागा नाही. दर्यापूर तालुका अमरावती जिल्ह्यात आणि मूर्तिजापूर तालुका अकोला जिल्ह्यात मोडतो. पूर्णेच्या खोऱ्यातील हे तालुके एकमेकांना लागून आहेत, आणि बोंडअळीचा पतंग जिल्ह्याची सीमा ओळखत नाही. दोन्हीकडील कर्मचाऱ्यांचे अहवाल मात्र दोन वेगळ्या जिल्हा कार्यालयांकडे जातात. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग आढळले, तर गुलाबी बोंडअळीने आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे मानले जाते. सापळ्यातील पतंगांची संख्या विहित नमुन्यात बसते. “सापळ्यात पतंग कमी आहेत, पण बोंडे फोडून पाहिली तर अळी आत आहे, तुमच्याकडेही असेच आहे काय?” हा प्रश्न मात्र त्या नमुन्यात बसत नाही. २०१७ च्या हंगामात विदर्भातील कपाशीची जी हानी झाली, ती पाहता असा प्रश्न वेळेवर विचारला जाण्याचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

व्हॉट्सॲपचा पर्याय व त्याच्या मर्यादा

प्रणालीत जागा न मिळालेला हा संवाद व्हॉट्सॲपच्या समूहांवर गेला. महाराष्ट्र शासनाच्या जुलै २०२५ मधील निर्णयानेही कार्यालयीन समन्वयासाठी अशा साधनांचा वापर मान्य केला. सोय निर्विवाद आहे. परंतु तीन दोष उरतात. पहिला, निरीक्षण एका ठिकाणी आणि त्यावरील चर्चा दुसऱ्या ठिकाणी राहते. परिणामी पुढील हंगामात संख्या सापडते, तिचा अर्थ सापडत नाही. दुसरा, समूहातील मजकूर खासगी भ्रमणध्वनीत राहतो. कर्मचाऱ्याची बदली झाली की तोही त्याच्याबरोबर जातो. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अभिलेख सुव्यवस्थित ठेवण्याची जबाबदारी कार्यालयांवर टाकतो. त्या दृष्टीने ही स्थिती समाधानकारक नाही. तिसरा, आदेश, शंका आणि वाढदिवसाच्या शुभेच्छा एकाच ओळीत आल्याने शंका वाहून जाते.

समावेशाची अट

यावर उपाय म्हणून प्रणालीतच संवादाची सोय जोडावी, हे सुचविणे सोपे आहे. परंतु अशा जोडणीत एक मूलभूत अंतर्विरोध आहे. टपरीवरचे बोलणे मोकळे असते, कारण त्याची नोंद होत नाही. प्रणालीतील प्रत्येक शब्दाची मात्र नोंद होते. वरिष्ठ वाचत आहेत हे ठाऊक असलेला कनिष्ठ कर्मचारी तेथे शंका विचारणार नाही, फक्त होकार देईल. मग जाळे केवळ अनुमोदनाचे व अभिनंदनाचे स्थान बनते. किती संदेश टाकले यावरून कामाचे मूल्यमापन होऊ लागले, तर संदेश वाढतील आणि संवाद आटेल. महाविद्यालयांतील समूहांकडे पाहिल्यास याची प्रचीती येते. प्राचार्यांच्या सूचनेखाली जोडलेल्या हातांची रांग लागते, पण सूचनेतील अडचण स्टाफरूममध्येच बोलली जाते.

निष्कर्ष

अंतर्गत सामाजिक जाळ्याचे यश त्याच्या सुविधांच्या संख्येवर ठरत नाही. त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक आहेत. चर्चा त्या त्या नोंदीशी जोडलेली असावी, म्हणजे ती हरवणार नाही. आणि ती गोपनीय अहवालापासून तोडलेली असावी, म्हणजे ती खोटी होणार नाही. पहिली अट तंत्रज्ञ पूर्ण करू शकतात. दुसरी कार्यालयप्रमुखालाच पूर्ण करावी लागेल. दर्यापूरच्या कर्मचाऱ्याचा प्रश्न मूर्तिजापूरला थेट पोहोचतो काय, आणि त्याचे उत्तर पुढील हंगामापर्यंत टिकते काय, हीच अशा प्रणालीची खरी कसोटी होय.