न छापलेली बातमी : 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू'मधील वार्ताहर

वृत्तपत्राचा वार्ताहर नायक असलेल्या राजकीय थरारपटांत एक आश्वासन गृहीत धरलेले असते. गुन्हा कितीही खोल दडवलेला असो, अखेरीस तो छापून येईल आणि छापून आल्यावर काहीतरी घडेल, हे ते आश्वासन होय. अ‍ॅलन जे. पाकुला यांनी दिग्दर्शित केलेला 'द पॅरॅलॅक्स व्ह्यू' (१९७४) हा अमेरिकन चित्रपट हे आश्वासन नाकारतो, आणि त्याचे वेगळेपण या नकारातच आहे. जो फ्रेडी (वॉरन बेटी) या वार्ताहराला सत्य सापडत नाही असे नाही. त्याला ते बऱ्याच अंशी सापडते. पण संपूर्ण चित्रपटात त्याने शोधलेल्या कटाची एक ओळही छापली जात नाही.

लॉरेन सिंगर यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. १९६३ मध्ये जॉन केनेडी यांची व १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांची झालेली हत्या, वॉरन आयोगाचा १९६४ चा अहवाल आणि त्याविषयी वाढत गेलेली साशंकता ही त्याची पार्श्वभूमी. चित्रपट जून १९७४ मध्ये प्रदर्शित झाला आणि ऑगस्टमध्ये वॉटरगेट प्रकरणी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. साहजिकच समीक्षकांनी या कलाकृतीकडे त्या काळातील अविश्वासाचा दस्तऐवज म्हणून पाहिले. हे वाचन चुकीचे नाही, परंतु अपुरे आहे. अविश्वास ही या चित्रपटाची हवा आहे. त्याचा विषय त्याहून नेमका आहे. घडलेल्या गुन्ह्याचा वृत्तान्त लिहिण्याचा अधिकार कोणाकडे जातो, हा तो विषय.

प्रारंभ सिअ‍ॅटल शहरातील 'स्पेस नीडल' या उंच मनोऱ्यात होतो. अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी सिनेटर चार्ल्स कॅरोल यांची भर समारंभात हत्या होते. पिस्तूल हाती असलेला एक वेटर पाठलागात छपरावरून खाली पडून मरतो; दुसरा, खरा मारेकरी, गर्दीत शांतपणे मिसळतो. लगेच चौकशी समितीचे दृश्य येते. अंधाराच्या पोकळीत एका रांगेत बसलेले सदस्य, आणि एकट्या माथेफिरूचे हे कृत्य असल्याचा निष्कर्ष. फ्रेडी त्या दिवशी मनोऱ्याच्या पायथ्याशी होता, पण त्याला वर जाऊ दिले गेले नव्हते. प्रत्यक्षदर्शी नसणे हेच पुढे त्याच्या जिवंत राहण्याचे कारण ठरते, ही कथानकातील कडवट गंमत म्हणावी लागेल. कारण जे वर होते ते एकेक करून मरत आहेत, असे तीन वर्षांनंतर दूरचित्रवाणीची वार्ताहर ली कार्टर त्याला रडत सांगते. तो विश्वास ठेवत नाही. पुढच्याच दृश्यात तिचे शव दिसते. मधला काळ, मृत्यूची घटना, फ्रेडीचा पश्चात्ताप यांपैकी काहीही दिग्दर्शक दाखवत नाही.

येथून फ्रेडीचा शोध सुरू होतो आणि येथूनच तो वार्ताहर म्हणून हळूहळू विरघळू लागतो. बोटीवरील स्फोटानंतर जग त्याला मृत समजते. तो समज तो तसाच राहू देतो. मग खोटे नाव घेतो. 'पॅरॅलॅक्स कॉर्पोरेशन' ही संस्था समाजापासून तुटलेल्या, रागीट माणसांना हेरून त्यांची भरती करते, हे ध्यानी आल्यावर तिची मानसशास्त्रीय प्रश्नावली तो एका खुन्याकडून भरून घेतो आणि ती स्वतःची म्हणून पाठवतो. वार्ताहराचे बळ त्याच्या नावात, त्याच्या संपादकात आणि उद्याच्या अंकात असते. फ्रेडी यांपैकी पहिले दोन्ही आधार स्वतःहून दूर सारतो आणि तिसऱ्याची वाट पाहण्याइतका धीर त्याच्यापाशी नाही. एकटेपणाची जी वृत्ती त्याला निर्भय करते, तीच संस्थेला हवी असलेली पात्रता आहे. आपण सोंग घेतले आहे असे त्याला वाटते. वस्तुतः त्या प्रश्नावलीतील वर्णन त्याला फारसे परके नाही.

या दृष्टीने परीक्षेचा प्रसंग चित्रपटाचा कळसाध्याय ठरतो. फ्रेडीला खुर्चीत बसवून चित्रमालिका दाखवली जाते. प्रेम, माता, पिता, मी, घर, देश, देव, शत्रू, सुख असे शब्द पडद्यावर येतात आणि त्यांच्यामागे स्थिर छायाचित्रे. आरंभी शब्द व चित्र यांचे नाते पाठ्यपुस्तकासारखे सरळ आहे. पुढे गती वाढते, चित्रे जागा बदलतात, 'माता'पाशी येणारे चित्र 'शत्रू'पाशी येऊ लागते, प्रार्थना आणि हिंसा एकमेकींत मिसळतात. या काही मिनिटांत फ्रेडीचा चेहरा एकदाही दाखवलेला नाही. त्यामुळे खुर्चीत बसलेला मनुष्य प्रेक्षक होतो आणि प्रेक्षक परीक्षार्थी. निरीक्षकाने जागा बदलली की वस्तूही सरकल्यासारखी वाटते, या दृष्टिभेदाला भौतिकशास्त्रात 'पॅरॅलॅक्स' म्हणतात. शीर्षकाचा हा अर्थ कोणत्याही संवादाविना येथे सिद्ध होतो. शब्दाला चिकटलेला अर्थ उचकटून तेथे दुसरा बसवणे, हा या संस्थेचा धंदा आहे. वृत्तपत्राचा मूळ व्यवसाय नेमका याच्या उलट आहे.

फ्रेडीचे एकच लेखन आपल्या वाचकापर्यंत पोहोचते, याकडे समीक्षेचे फारसे लक्ष गेलेले नाही. संशयिताचा पाठलाग करीत तो विमानात शिरतो, सामानात बॉम्ब असल्याचे ओळखतो आणि कागदी रुमालावर तसा इशारा लिहून तो इतर रुमालांत सरकवतो. विमान परत फिरते, प्रवासी वाचतात. त्या ओळीखाली नाव नाही, तिला संपादक नाही, पण तिला तत्काळ वाचक मिळतो. उलट ज्या ध्वनिफितीवर खरा पुरावा आहे ती संपादक रिंटल्स (ह्यूम क्रोनिन) यांच्यापर्यंत पोहोचते आणि तेथेच थांबते. रात्री कचेरीत मागवलेले खाणे घेऊन येणारा माणूस कोण, हे प्रेक्षक ओळखतो. रिंटल्स ओळखत नाहीत. सकाळी ते मृत आढळतात, फीत नाहीशी झालेली असते.

दोनच वर्षांनी पाकुला यांनी 'ऑल द प्रेसिडेंट्स मेन' (१९७६) हा वॉटरगेटच्या वार्तांकनावरील चित्रपट केला. छायाचित्रणकार तेच, गॉर्डन विलिस. पण तेथे 'वॉशिंग्टन पोस्ट'ची कचेरी सपाट, सावलीविरहित प्रकाशात न्हालेली आहे, टंकलेखन यंत्राचा आघात बंदुकीच्या बारासारखा ऐकू येतो, आणि बातमीमागे दोन वार्ताहर, संपादक व मालक असे अख्खे घर उभे आहे. फ्रेडीपाशी नेमके हे घर नाही. मराठी प्रेक्षकाला येथे जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) मधील दिगू टिपणीस आठवल्यावाचून राहणार नाही. पत्रकार असलेल्या अरुण साधू यांच्या कादंबऱ्यांतून आलेला हा वार्ताहर सारे जाणतो, त्याला कोणी मारत नाही, आणि तरीही ज्ञानाच्या भाराने तोच कोसळतो. फ्रेडीला असे कोसळण्याइतकीही उसंत मिळत नाही.

चित्रपट निर्दोष नाही. मद्यालयातील मारामारी आणि मोटारींचा पाठलाग हे प्रसंग सामान्य साहसपटातून उचलल्यासारखे वाटतात. कॉर्पोरेशनचे धनी कोण, त्यांना हत्या कशासाठी हव्यात, हे अखेरपर्यंत कळत नाही. या मौनाचे समर्थन अनेकांनी केले आहे. तथापि हितसंबंध न दाखवता केवळ यंत्रणा दाखवली की राजकारणाचे रूपांतर दैवात होण्याचा धोका असतो, आणि हा चित्रपट त्या धोक्यातून पूर्णतः सुटलेला नाही. राजकीय थरारपटाकडून राजकारणाची अपेक्षा करणे गैर नव्हे.

मात्र अंतिम भाग ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढतो. विशाल सभागृहात सिनेटर हॅमंड यांच्या सभेची रंगीत तालीम चालू आहे. ओळीने मांडलेल्या रिकाम्या टेबलांमधून छोट्या गाडीने जाताना त्यांना गोळी लागते. चालकाविना गाडी टेबले उधळत जाते. वर छताजवळच्या अरुंद पुलावर फ्रेडी उभा आहे आणि खालच्या लोकांना तेवढाच दिसतो. ज्या वेटरवर पहिल्या हत्येचा ठपका आला त्याच्या जागी आता तो आहे, हे त्याला उमगते तेव्हा प्रकाशाने भरलेल्या दाराकडे धावण्यापलीकडे काही उरलेले नसते. दारात मारेकरी उभा असतो.

नंतर पुन्हा तीच अंधारी पोकळी, तीच रांग. पहिल्या वेळी कॅमेरा सदस्यांच्या जवळ गेला होता, आता तो मागे सरत जातो. कॅरोल हत्येच्या ध्यासाने भ्रमिष्ट झालेल्या फ्रेडीने एकट्यानेच हे कृत्य केले, असा निर्णय वाचला जातो. या साऱ्या प्रकरणाच्या अधिकृत वृत्तान्तात जो फ्रेडी हे नाव येते ते असे, आरोपी म्हणून. ही पत्रकार परिषद नसून प्रश्न घेतले जाणार नाहीत, असे अध्यक्ष सांगतात. आणि ज्यांना ते सांगितले जाते ते वार्ताहर पडद्यावर दिसतच नाहीत.