पहाऱ्याचा नाद

पहारा आणि आवाज यांचे नाते जुने आहे. रात्रीचा जागल्या काठी आपटीत, हाळी देत जाई. त्याने चोर सावध होई आणि गृहस्थास दिलासा मिळे. पहारा कोणाचा आहे व या घटकेस तो कोठे आहे, हे साऱ्या आळीस ऐकू येत असे. आजचा पहारा मुका आहे. खांबावरचा कॅमेरा खाकरत नाही, दुकानाच्या दारातील चोरी हेरणारी चौकट हाक देत नाही. या मुक्या पहाऱ्यास कंठ देण्याचा प्रयोग जर्मन ध्वनिकलावंत क्रिस्टिना कुबिश यांनी केला आहे. त्याची गुणवत्ता आणि मर्यादा तपासण्याचा आमचा मानस आहे.

1948 मध्ये ब्रेमेन येथे जन्मलेल्या कुबिश यांनी चित्रकला, बासरी आणि संगीतरचना यांचे शिक्षण घेतले. पुढे त्या दालनांत व बागांत विजेच्या तारा पसरून त्यांतून आपल्या रचना वाहवू लागल्या. श्रोत्याने खास श्रवणयंत्र कानांस लावून तारांजवळून हिंडावे, म्हणजे चालता चालता रचना ऐकू येत. परंतु शहरांतील विजेची उपकरणे जसजशी वाढली, तसतशी त्यांची घरघर या रचनांत शिरू लागली. दुसऱ्या कोणी हा उपद्रव गाळून टाकला असता. कुबिश यांनी 2003 साली नेमका तोच टिपणारी श्रवणयंत्रे करविली आणि 2004 पासून, कोलोन शहरापासून आरंभ करून, ‘इलेक्ट्रिकल वॉक्स’ ही पदभ्रमणांची मालिका चालविली. जे काढून टाकावयाचे तेच विषय म्हणून स्वीकारणे, ही या कलाकृतीची पहिली थोर गोष्ट होय.

यामागील तत्त्व फॅरडेने 1831 मध्येच दाखविले होते. बदलत्या चुंबकीय क्षेत्रात तारेचे वेटोळे धरले असता त्यात वीज उत्पन्न होते. ती वाढवून कानापर्यंत नेली की क्षेत्राची स्पंदने ध्वनिरूप होतात. श्रोत्याच्या हाती एक नकाशा असतो, त्यावर काही ठिकाणे खुणावलेली असतात. रोहित्रापाशी खर्जातील गुंजन, ट्रामच्या तारांखाली चढता-उतरता स्वर, दुकानांच्या दारांत चौकटीचे एकसारखे ठेके, आणि पैसे देणारी यंत्रे, निऑनचे फलक, कॅमेरे यांचे निरनिराळे रव ऐकू येतात. ध्वनिमुद्रणांवरून याची कल्पना येते. पण आपल्याच पावलांनी आवाज शोधावयाचा, हा अनुभवाचा अर्धा भाग त्यांत हरवतो.

या नादास ‘अनाहत’ म्हणण्याचा मोह मराठी रसिकास सहज होईल. आघात नाही, वादक नाही, तरी नाद आहे! पण देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने 13 व्या शतकात ‘संगीतरत्नाकर’ रचणाऱ्या शार्ङ्गदेवाने अनाहत हा मुक्ती देणारा असला तरी रंजक नव्हे, रंजकता आहत नादाची, असे सांगून ठेविले आहे. कुबिश यांचा नाद रंजक आहे. शिवाय तो कोणाच्या तरी मालकीच्या यंत्रातून उठतो, आणि त्या यंत्रामागे कोणाचा तरी हेतू असतो. त्यास अनाहत म्हणणे म्हणजे पहाऱ्यास अध्यात्माची शाल पांघरणे होय.

आमचा मुख्य आक्षेपही या रंजकतेशीच निगडित आहे. कॅमेरा कोठे आहे ते कानास कळते. तो काय टिपतो, ते चित्र कोठे साठते, कोण पाहतो, हे कळत नाही. ठेक्यात कान रमला की प्रश्न मागे पडतो. दुसरे असे की, कान झाकून चालणारा श्रोता यंत्रांजवळ जातो, तेव्हा माणसांपासून दुरावतो. रस्ता सार्वजनिक होतो तो हाकेमुळे, बोलण्यामुळे. तेच येथे बाहेर राहते.

या संदर्भात अमेरिकन कलावंत मॅक्स न्यूहाउस यांची ‘टाइम्स स्क्वेअर’ ही कृती आठवते. तालवादक असलेल्या न्यूहाउस यांनी 1977 मध्ये न्यूयॉर्कच्या भर चौकात, पायाखालच्या लोखंडी जाळीतून, घंटेच्या अनुरणनासारखा अखंड ध्वनी सोडला. तेथे पाटी नाही, कलावंताचे नाव नाही; ज्यास ऐकू येईल त्याचा. 1992 मध्ये थांबलेली ही कृती 2002 मध्ये पुन्हा सुरू झाली. न्यूहाउस चौकास एक ध्वनी अर्पण करतात आणि श्रोत्यास स्वतंत्र ठेवतात. कुबिश काहीच अर्पण करीत नाहीत. जे आहे ते उघड करतात. सौंदर्याच्या दृष्टीने आम्ही न्यूहाउस यांस झुकते माप देऊ; काळाची गरज पाहता कुबिश यांस.

कारण हा काळ आपल्याही दाराशी आला आहे. तत्कालीन अविभाजित आंध्र प्रदेशाने 2013 मध्ये वर्दळीच्या आस्थापनांस कॅमेरे बंधनकारक करणारा कायदा केला. आमच्या हैदराबादच्या सभासदांस त्याचा रोजचा परिचय आहे. पूर्वी आळीतील म्हातारी ओट्यावर बसून सर्वांवर नजर ठेवी; पण तिलाही सर्व जण पाहत, आणि वेळप्रसंगी तिच्याशी भांडत. त्या नजरेत देवघेव होती, ती आता उरली नाही. कुबिश यांची कला ती परत आणू शकत नाही. जो आपणांस पाहतो त्याचा निदान ठावठिकाणा ती आपल्या कानी घालते. भांडावयाचे झाल्यास प्रथम तेवढे तरी ठाऊक असावे लागते.