न जुळणाऱ्या आकड्यांची वही

दों जुआंव द कास्त्रो पुढे पोर्तुगीज हिंदुस्थानचा व्हाइसरॉय झाला आणि इतिहास त्याला त्या पदामुळे ओळखतो. मला त्याहून मोठा वाटतो तो 1538 चा कास्त्रो, लिस्बन ते गोवा आणि मग गोवा ते दीव या समुद्रवाटांच्या नोंदी ठेवणारा. पोर्तुगीजांत अशा वहीला ‘रोतेइरो’ म्हणतात.

होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेपासून जरा ढळते, हे खलाशांना ठाऊक होतंच. हा दिक्पात रेखांशाच्या प्रमाणात बदलतो, तेव्हा सुईवरूनच रेखांश काढता येईल, अशी त्या काळी मोठी आशा होती. मोजायला कास्त्रोजवळ गणिती पेद्रो नुनेसने योजलेलं यंत्र होतं: अंशांच्या खुणांची आडवी तबकडी, मधोमध उभी काडी, आत चुंबकसूची. सकाळी सूर्याची उंची घ्यायची आणि काडीची सावली कुठे पडली ते टिपायचं. दुपारनंतर सूर्य उतरत नेमका त्याच उंचीवर आला की पुन्हा टिपायचं. सुई खरी असेल तर दोन्ही सावल्या तिच्या रेषेपासून सारख्याच अंतरावर पडतात. नसेल तर फरकाचा निम्मा भाग म्हणजे दिक्पात. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ध्रुवतारा दिसत नाही, तिथेही ही रीत चालते. किती देखणी रीत आहे ही!

आकडे जमत गेले आणि रेखांशाची आशा मावळली. त्या आशेला सोयीचे पडावेत म्हणून कास्त्रोने ते वाकवले नाहीत. या वहीची खरी गोडी मला इथेच लागते. न जुळणारा आकडा दिसला की हा माणूस त्याच्यापाशी थांबतो. ऑगस्टमध्ये मोझांबिकला सुई भलतंच दाखवू लागली, तेव्हा त्याने आजूबाजूला शोध घेतला. जवळच एक छोटी तोफ होती आणि तिचं लोखंड सुईला ओढत होतं. जहाजावरच्या लोखंडाचा हा दोष रीतसर काढून टाकण्याची विद्या एकोणिसाव्या शतकात आली.

डिसेंबरात वसईजवळ सुई पुन्हा भरकटली. या वेळी त्याने बोट ठेवलं ते खडकांवर, आणि ते अचूक होतं. आपल्या काळ्या बेसाल्टात मॅग्नेटाइट हे चुंबकीय खनिज असतं. लाव्हा थिजताना त्या काळच्या पृथ्वीचं चुंबकत्व त्यात कोंडलं जातं. पृथ्वी हाच एक मोठा चुंबक आहे, हे इंग्रज शास्त्रज्ञ गिल्बर्टने 1600 मध्ये मांडलं, म्हणजे वसईच्या नोंदीनंतर बासष्ट वर्षांनी. विसाव्या शतकात दख्खनच्या बेसाल्टातलं हेच चुंबकत्व मोजून भारत दक्षिण गोलार्धातून वर सरकत आल्याचा पुरावा मिळाला.

याच वहीत कोकणातल्या बंदरांची चित्रं आहेत, घारापुरी आणि कान्हेरीच्या लेण्यांची वर्णनंही आहेत. लेण्यांपुढेही हा माणूस तितकाच रेंगाळतो. गोवा ते दीवची ही वही छापून निघाली ती 1843 मध्ये.