अश्वाचा तीव्र व्यायाम आणि लॅक्टिक आम्लाची उपपत्ती : एक चिकित्सा

प्रस्तावना :
तीव्र व्यायामात स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडतो, लॅक्टिक आम्ल साचते व त्यामुळे थकवा येतो, असे स्पष्टीकरण वर्गाध्यापनातून आजही दिले जाते. १९२२ च्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी आर्किबाल्ड हिल व ओटो मायरहोफ यांनी बेडकाच्या स्नायूंवर केलेल्या प्रयोगांतून या उपपत्तीचा पाया घातला गेला. त्या कार्याचे मोल निर्विवाद आहे. तथापि शर्यतीच्या घोड्याला ही उपपत्ती कितपत लागू पडते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

विवेचन :
घोड्याची ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता असाधारण आहे. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ३० ते ४० असणारे हृदयाचे ठोके धावताना २२० च्या वर जातात. प्लीहा आकुंचन पावून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते व रक्तातील त्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांपर्यंत वाढते. असे असूनही शर्यतीनंतर रक्तातील लॅक्टेट लिटरमागे १ मिलिमोलवरून २० मिलिमोलच्या पुढे जाते. याचा अर्थ, केवळ ऑक्सिजनची उणीव हे त्याचे कारण नव्हे. ग्लायकोजेनच्या विघटनाचा प्रचंड वेगही तितकाच कारणीभूत आहे.

शिवाय लॅक्टेट हे निव्वळ टाकाऊ द्रव्य नाही. हृदय व इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरतात, हे जॉर्ज ब्रुक्स यांनी १९८० च्या दशकापासून मांडले. तीव्र व्यायामात स्नायूंतील आम्लता वाढते हे खरे. परंतु त्या आम्लतेचा उगम लॅक्टेटमध्येच आहे काय, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. घोड्यातील वाढलेले लॅक्टेट काही तासांतच ओसरते, मात्र खर्ची पडलेले ग्लायकोजेन पूर्णपणे भरून येण्यास दोन ते तीन दिवस लागू शकतात. म्हणून केवळ लॅक्टेट उतरले एवढ्यावरून घोडा ताजातवाना झाला असे मानणे चुकीचे ठरते.

या उपपत्तीची किंमत प्रत्यक्ष प्राण्याला मोजावी लागली आहे. विश्रांतीच्या दिवसानंतर कामाला जुंपताच घोड्याचे स्नायू आखडण्याच्या विकारास ‘सोमवारचा आजार’ म्हटले जाई व त्याचे खापर लॅक्टिक आम्लावर फोडले जाई. प्रत्यक्षात हा विकार हलक्या व्यायामानंतरही, लॅक्टेट फारसे वाढलेले नसताना उद्भवतो. २००८ मध्ये क्वार्टर हॉर्स जातीतील अशा एका विकाराचे मूळ ग्लायकोजेन तयार करणाऱ्या विकराच्या जनुकातील उत्परिवर्तनात आढळले. अशा घोड्याला तबेल्यात बांधून ठेवणे अपायकारक असते; कमी पिष्टमय आहार व नियमित व्यायाम हाच त्यावरील मार्ग आहे.

निष्कर्ष :
लॅक्टेटचे मापन प्रशिक्षणात उपयुक्त आहे, परंतु सूचक म्हणजे कारण नव्हे. सोपे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांच्या चटकन लक्षात राहते, हे ते शिकवत राहण्याचे समर्थन होऊ शकत नाही. आपल्या अध्यापनात हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे.