‘शाश्वत’ बांधकाम : एका संज्ञेची चिकित्सा

१९८७ च्या ब्रुंटलँड अहवालाने रूढ केलेल्या ‘सस्टेनेबल’ या विशेषणास मराठीत ‘शाश्वत’ हा प्रतिशब्द योजिला जातो. संस्कृतात शाश्वत म्हणजे नित्य, अविनाशी. मूळ शब्दात मात्र क्षमतेचा अर्थ आहे. स्थापत्यविशारद त्याच्या जागी ‘टिकाऊ’ म्हणतात, तेव्हा घोटाळा वाढतो. टिकाऊपणासाठी सिमेंट वाढवावे, तर त्याकरिता चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. उलट मराठवाड्यातील मातीचे माळवद टिकाऊ नव्हे. पावसाळ्यापूर्वी त्यावर पुन्हा पांढरी माती घालावी लागते. परंतु ती माती गावचीच, आणि पडल्या घराची मातीही पुन्हा उपयोगी पडते. (‘हरित’विषयी न बोललेलेच बरे, तो नुसता रंग.) ‘धारणक्षम’ हा शब्द कर्णकटू खरा, तथापि आमच्या मते तोच ग्राह्य होय.